उंदराची पेशी, हॅमस्टरची अँटिबॉडी

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वाढलेल्या पोरांना 'क्लोन' म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. निफाडकडे डॉगरिज या जंगली जातीच्या खुंटावर थॉम्पसन या द्राक्षवाणाची काडी भरतात आणि अख्खी बाग एकाच वाणाची होते. मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे एकाच पेशीच्या वंशानं बनवलेल्या, एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाचं मर्म हेच, म्हणून वर्गात मी सुरुवात बागेतूनच करते.

पूर्वी उंदराच्या टी पेशींचे (रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे) प्रकार ओळखायला सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव वापरत. एका वंशाच्या उंदरात दुसऱ्या वंशाच्या पेशी टोचायच्या आणि त्याचं रक्त काढायचं. त्यात नाना तऱ्हांच्या अँटिबॉडी मिसळलेल्या, आणि ते सीरम संपलं की हुबेहूब तसंच पुन्हा मिळत नसे.

1975 साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पाणथरीतली (प्लीहेतली) बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी, कर्करोगाच्या मायलोमा पेशीशी जोडली. एकटी बी पेशी थोड्या दिवसांत मरते. मायलोमाला हॅट माध्यमातलं (पेशी वाढवायच्या खास द्रवातलं) अमिनोप्टेरिन हे औषध मारतं. तगते ती फक्त जुळलेली पेशी, म्हणजे हायब्रिडोमा; ती वाढत राहते आणि एकच अँटिबॉडी बनवत राहते. आठ-दहा दिवसांनी प्लेटच्या एखाद्या खळग्यात तिचा गोल पुंजका दिसतो. कलमात खुंट आणि काडी शेवटपर्यंत वेगळे राहतात. इथे मात्र दोन्ही पेशींची गुणसूत्रं एकत्र येतात. या कामाला 1984 चं नोबेल मिळालं.

पण उंदराच्याच पेशीवरच्या रिसेप्टरवर (बाहेरचा संकेत ओळखणाऱ्या प्रथिनावर) अँटिबॉडी हवी, तर उंदीर ती सहजी देत नाही. स्वतःचं प्रथिन त्याला परकं वाटत नाही. म्हणून 'रॅट' कामाला आला; त्याला ते प्रथिन परकंच. (इथवरचा उंदीर म्हणजे 'माउस'; मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगशाळेत हा फरक फार मोठा.) सीडी8 आणि सीडी4 ही टी पेशींच्या दोन प्रकारांवरची खूणप्रथिनं. रॅटपासून 1979 मध्ये सीडी8 ओळखणारी 53-6.7 नावाची अँटिबॉडी मिळाली, 1983 मध्ये सीडी4 ची जीके1.5.

टी पेशीचा मुख्य रिसेप्टर तेव्हाही हाती लागत नव्हता. मला या इतिहासातला सगळ्यात सुंदर टप्पा इथेच वाटतो. प्रत्येक टी क्लोनचा (एकाच टी पेशीपासून वाढलेल्या पेशींचा) रिसेप्टर इतका निराळा असतो, की तेवढ्या भागापुरता तो उंदरालाही परका ठरतो. 1983 मध्ये हॅस्किन्स, कॅपलर आणि मॅरॅक यांनी नेमकं हेच हेरलं आणि एकाच क्लोनला चिकटणारी अँटिबॉडी उंदरातच बनवली. पुढच्याच वर्षी रिसेप्टरचे जनुक सापडले.

एका क्लोनपुरती नव्हे, सगळ्या टी पेशींना धरणारी अँटिबॉडी मात्र आर्मेनियन हॅमस्टरनं दिली: 1987 ची 145-2सी11, रिसेप्टरला जोडलेल्या सीडी3 या प्रथिनावर बसणारी. ती पेशी नुसती ओळखत नाही, जागीही करते. आजही ती प्लेटच्या तळाला रात्रभर चिकटू देतात, सकाळी वर टी पेशी सोडतात, आणि दोनेक दिवसांत त्या विभागू लागतात.