२०१५चा नकार: नारंगी क्लाउनफिशच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

क्लाउनफिश आणि समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा दंश करणारा प्राणी) यांच्या सोबतीची शास्त्रीय नोंद १८६८ची. पुढची शंभरेक वर्षं अभ्यासकांना मुख्यतः एकच कोडं पडलं होतं: समुद्रफुलाचे दंश या माशाला बाधत कसे नाहीत? १९७७ मध्ये नराची मादी होते हे प्रसिद्ध झालं आणि लक्ष कुटुंबाकडे वळलं. समुद्रफुलात सगळ्यांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, मग उतरत्या आकाराचे बाकीचे. मादी मेली की नर तिची जागा घेतो.

नारंगी क्लाउनफिशला कायद्याचं संरक्षण हवं का, या आजच्या वादाचं मूळ मात्र २०१२ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेत नारंगी क्लाउनफिश आणि त्याच्या कुळातल्या आणखी सात माशांना धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली घ्यावं, अशी मागणी झाली. ‘फाइंडिंग नीमो’ या २००३च्या गाजलेल्या अ‍ॅनिमेशनपटामुळे या माशांची लूट झाली असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. पुढे आकडे तपासले तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही. अर्जाचा मुख्य भर वेगळाच होता. समुद्र तापला की समुद्रफुलं पांढरी पडतात, आक्रसतात, आणि हा मासा दुसरीकडे राहूच शकत नाही. २०१४ मध्ये आठांपैकी फक्त याच माशाबाबत मागणीत तथ्य असू शकतं असं मान्य झालं. २०१५ मध्ये तीही नाकारली गेली. कारणं दोन: पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, क्वीन्सलँड असा त्याचा पसारा मोठा आहे, आणि शोभेच्या टाक्यांसाठीचे मासे बऱ्याच अंशी हॅचरीत, म्हणजे कृत्रिम पैदास केंद्रात, तयार होतात.

दुसरं कारण खरं आहे. आपल्याकडे ऐरोलीतही क्लाउनफिशची पैदास होते. पण टाकीत या माशाला समुद्रफूल लागत नाही, समुद्रातल्या प्रवाळ खडकावर त्यावाचून भागत नाही. हॅचरीचा पुरावा मूळ प्रश्नाला लागूच होत नव्हता. पसाऱ्याचा मुद्दाही सरळ नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दहा-बारा दिवस प्रवाहासोबत वाहतं, आणि पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात एका लहान बेटावर स्थिरावलेल्या पिल्लांपैकी साधारण ६० टक्के तिथलीच निघाली होती. एक खडक उजाड झाला तर दूरचे मासे तो लगेच भरून काढतील, हे गृहीत धरता येत नाही. अर्जदारांचीही एक बाजू लंगडी होती. आम्लधर्मी पाण्यात पिल्लांची वास ओळखण्याची क्षमता बिघडते, या २००९च्या प्रयोगावर त्यांनी भिस्त ठेवली. २०२० मध्ये इतर खडकमाशांवर तसे परिणाम दिसले नाहीत. तापमानाचा मुद्दा तेवढ्याने पडत नाही.

२०१६च्या उष्णतेत पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ बेटाजवळ, पांढऱ्या पडलेल्या समुद्रफुलांत राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या क्लाउनफिशची अंडी घालण्याची क्षमता ७३ टक्क्यांनी घटली. २०२३ मध्ये किंबे उपसागरातल्या नारंगी क्लाउनफिशनी उष्णतेत स्वतःची लांबीच कमी केली. मोजलेल्या १३४ पैकी १०१ मासे आक्रसले, आणि आक्रसलेल्यांची जगण्याची शक्यता वाढली. त्याच वर्षी तांबड्या समुद्रात अभ्यासलेल्या तीन खडकांवर तिथल्या जातीचे ९४ ते १०० टक्के मासे मेले. समुद्रफुलंही बहुतेक गेली.