अध्यापन-आराखडा प्रतिमाने

काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, आणि मुलांना ते उमगले हे कशावरून ओळखायचे, हे आधी ठरवण्याची पद्धत म्हणजे अध्यापन-आराखड्याचे प्रतिमान. डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकांना जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, परिचित असते. मूळ चार पायऱ्यांच्या पाच केल्या त्या त्सिलर व राइन या त्याच्या अनुयायांनी.

‘ॲडी’ प्रतिमान १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी घडले. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे त्याचे टप्पे. जिल्ह्यातल्या सर्व शाळांसाठी मिळून साहित्य तयार करायचे असेल, तर ते घ्यावे. कोकणातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत रोजच्या पाठासाठी एवढा व्याप झेपत नाही.

तिथे विगिन्स व मॅकटाय यांचा उलटा आराखडा (१९९८) अधिक उपयोगी पडतो. आधी निष्पत्ती (मुलाला शेवटी काय यायला हवे), मग तिचा पुरावा आणि सर्वांत शेवटी कृती, असा त्याचा क्रम. अध्ययन निष्पत्तींवर आधारलेल्या आपल्या नियोजनाशी तो सहज जुळतो.

भरती-ओहोटीचा पाठ घ्या. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा का येते, हे मुलाने चंद्राच्या भ्रमणावरून सांगावे, ही निष्पत्ती. पुढच्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळा आधी वर्तवून त्याने धक्क्यावर पडताळणे, हा पुरावा. हर्णै बंदरावर वाढलेल्या मुलाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) घरातूनच ठाऊक असतात. त्याला हवे असते ते कारण. म्हणून पूर्वज्ञान जागे करून समस्येवर काम करायला लावणारी मेरिलची तत्त्वे (२००२) इथे चपखल बसतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातल्या, भरती कधीच न पाहिलेल्या मुलासाठी बायबी व सहकाऱ्यांचे ‘पाच ई’ (इंग्रजी ‘ई’ने सुरू होणारे पाच टप्पे) प्रतिमान बरे: आधी कुतूहल, मग शोध आणि त्यानंतरच स्पष्टीकरण. तिथे चेंडू आणि विजेरी घेऊन चंद्र फिरवून पाहण्यात एक तासिका गेली तरी ती सार्थकी लागते. प्रतिमान निवडताना विषयाआधी मुलाचा अनुभव पाहावा लागतो तो यामुळेच; सगळ्या शाळांना एकच पाठ-टाचण पुरवण्यात हीच गोष्ट निसटते.

बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवताना, तिसरी-चौथीला कृती एकच देता येते, पुरावा मात्र वेगळा मागावा: तिसरीने वेळांची नोंद ठेवावी, चौथीने त्यावरून उद्याची वेळ काढावी.