गाडी वर गेली, गोळा तिथंच

गेल्या आषाढात आमच्या पांदणीत जीप फसली. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी कुणीतरी खालून धरून ठेवावी तशी उभी. मला राग चिखलाचा नव्हता, स्वतःचा होता. हीच जुनी एमएम ५४० मी मे महिन्यात तीन इंच उचलून घेतली होती, तीही याच पांदणीसाठी. शेजारच्या वावरातले काका बैलजोडी घेऊन आले. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, गाडी तं वर गेली. पन हा गोळा तं तिथंच हाय ना!"

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून जरा जास्तच लागलं.

गोळा म्हणजे मागच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा फुगवटा. इंजिनाची ताकद इथून दोन्ही चाकांना वाटली जाते. अशा जीपचे सरळ दोन भाग पडतात. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिन, टप आणि बसलेली माणसं पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगांवर, तोललेली असतात. चाकं, ब्रेक, आस आणि गोळा यांना मात्र पाट्यांचा आधार नसतो, ते थेट जमिनीवर उभे असतात. पाट्यांची कमान वाढवली की पहिला भाग वर जातो, दुसरा तसूभरही हलत नाही. गोळ्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती फक्त चाकाच्या त्रिज्येवर. टायर दोन इंच मोठा घातला तर गोळा एक इंच वर येईल. पाटे कितीही उचला, तो येणार नाही. (पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या नव्या गाड्यांत पुढचा गोळा चासीला बांधलेला असतो, तो गाडीबरोबर उचलला जातो. तिथली दुखणी वेगळी.)

बंडी, म्हणजे बैलगाडी, करणाऱ्या सुताराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. लाकडी बंडीला पाटे नाहीत, स्प्रिंग नाही. पण चाक छातीला लागेल एवढं, त्यामुळे आस आपोआप उंच. आमच्या पांदणीच्या दोन चाकोऱ्या आधी बंडीच्या लोखंडी धावांनी पडल्या, मग ट्रॅक्टरनं खोल केल्या. मधला उंचवटा राहिला तसाच. बंडीचा आस त्यावरून निघून जातो. माझ्या जीपचा गोळा त्या उंचवट्यात वखराच्या पासेसारखा घुसला होता.

आता मातीचं पाहू. आपली काळी जमीन दख्खनच्या बसाल्टपासून झालेली. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक पातळ थर, आणि पाणी या पानांच्या मध्ये शिरतं. म्हणून पावसात जमीन फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की थर एकमेकांवरून घसरतात. चाक जोर लावतं तेव्हा टायर मातीवरून घसरत नाही, मातीच मातीवरून घसरते. वर ती टायरच्या खाचांत गच्च बसते, आणि हजारो रुपयांचा नक्षीदार टायर दोन मिनिटांत गुळगुळीत गोटा होऊन जातो.

अशा वेळी उंचीपेक्षा हवा कामी येते. जीप १,४०० किलोची धरली तर एका चाकावर साधारण ३५० किलो येतात. टायरमध्ये ३० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब. भागाकार केला की जमिनीला टेकलेला भाग निघतो सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. हवा १५ पौंडांवर आणली की तोच भाग दुप्पट होतो आणि मातीवरचा दाब निम्मा. टायरची भिंतही थोडं वजन पेलते, म्हणून हा हिशेब ढोबळच, पण दिशा बरोबर आहे. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी मात्र हवा परत भरायची. नाहीतर टायर तापतो आणि वळणावर रिममधून निसटू शकतो.

मग गाडी उचलण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, पण चिखलात नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. धुरा ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात आणि मधलं पोट धुऱ्यावर टेकतं. दोन आसांमधलं अंतर २.३ मीटर आणि पोटाखाली २५ सेंटिमीटर जागा धरली, तर सुमारे २५ अंशांची कड ओलांडता येते. तीन इंच उचलल्यावर ती जवळपास ३२ अंशांवर जाते. नाल्याच्या काठावरून उतरताना बंपर घासत नाही, हाही फायदा खराच. दगड, तोडलेली खोडं असलेल्या रानवाटेला उचललेली गाडी शोभते. आमच्या पांदणीत दगड नाहीत. मी रोग न पाहता औषध घेतलं.

गॅरेजमधला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. चासीखाली दोन घोड्या, आसाखाली जॅक. शॉकअप काढले, आसाला पाट्याशी बांधणाऱ्या गंजलेल्या यू बोल्टांवर रात्रीच डिझेल मारून ठेवलं होतं, तरी पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागला. जुने पाटे बसलेले होते. ते ठोकून कमान वाढवली आणि त्यांत एक जास्तीचा पाटा घातला, त्यातून दोन इंच आले. उरलेला एक इंच शॅकलमधून, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीतून. इथं गंमत आहे. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, म्हणून ते दोन इंच लांब केलं की मधल्या आसापाशी गाडी एकच इंच उचलली जाते.

"पाटा बसला म्हणजे नरम पडला," असं गॅरेजमध्ये सगळेच म्हणतात. तो नरम पडत नाही. पोलाद नवं असो वा जुनं, पाणी दिलेलं (तापवून झटकन थंड करून कडक केलेलं) असो वा नसो, त्याची ताठरता जवळपास तीच राहते. बदलते ती त्याची कायमचं न वाकता वजन सोसण्याची हद्द. बसलेला पाटा म्हणजे हद्द ओलांडून कायमचा वाकलेला पाटा. नुसता हातोड्यानं ठोकून आणला आणि नीट तापवून पाणी दिलं नाही, तर तो पुन्हा बसतो. जाडी मात्र फार बोलते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठरता दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून तर एका जाड पट्टीऐवजी अनेक पातळ पाटे एकावर एक रचतात.

जास्तीचा पाटा घातला की गाडी उंच होते, तशीच कडकही होते. रिकाम्या गाडीच्या वजनानं पाटे ९ सेंटिमीटर दबत असतील तर ती सेकंदाला साधारण १.७ वेळा वरखाली डोलते. ४ सेंटिमीटरच दबत असतील तर अडीच वेळा. पहिला डोल पाळण्याचा, दुसरा खाटल्याचा. माझ्या आईनं एका फेरीतच ओळखलं.

पाट्यांचं गणित ज्याच्या नावानं चालतं, त्या इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा आणखी एक हात जीपच्या पोटाखाली आहे. १६७६ मध्ये त्यानं आपला स्प्रिंगचा नियम अक्षरांची सरमिसळ करून छापला, म्हणजे शोध आपला राहावा आणि गुपितही फुटू नये. दोन वर्षांनी त्यानं तो उलगडून सांगितला: जेवढा ताण, तेवढं बल. ज्या पुस्तिकेत ते कोडं होतं, त्यातच त्यानं कोनात वळूनही फिरणाऱ्या सांध्याचं वर्णन केलं होतं. गॅरेजमध्ये आपण त्याला क्रॉस म्हणतो. गिअरबॉक्सकडून गोळ्याकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना तो असतो.

गाडी उचलली की गिअरबॉक्स वर जातो, गोळा खालीच राहतो आणि शाफ्ट जास्त तिरपा होतो. क्रॉसचा स्वभाव असा की कोन पडला की तो एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे झेपावतो, दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्का, २० अंशांत सहा टक्क्यांच्या घरात. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा पुसतो. ते बिघडले की पन्नासच्या वेगाला फळीखालून घरघर येऊ लागते. माझ्या जीपला जूनमध्येच ती सुरू झाली. स्टिअरिंगही वळणानंतर आपोआप सरळ येईना, कारण लांब शॅकलनं पाटा तिरपा झाला आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन हलला. सायकलचा पुढचा चिमटा जरा तिरपा असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ चालते, तसलंच काम हा कोन करतो.

मालवाहू पिकअप उचलणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. पुष्कळ पिकअपना मागच्या आसापाशी ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी आसाला जोडलेली. गाडी दबली की व्हॉल्व्ह समजतो माल भरला आहे आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आस आणि पाट्यामध्ये ठोकळे घालून गाडी वर केली की त्याला ती कायम रिकामीच वाटते. वर दहा क्विंटल कापूस आणि मागचे ब्रेक अर्धवट, असा तो मामला.

आणि कलंडणं. समजा दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर. अंतराचा निम्मा भागिले उंची, उत्तर बरोबर १. कागदावर ही गाडी ४५ अंश तिरपी होईपर्यंत कलंडत नाही. उचलल्यावर गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर वर गेला तर उत्तर ०.९२ आणि कोन साडेबेचाळीस अंशांच्या घरात. कागदावर पाटे दबत नाहीत, शेतात दबतात, म्हणून खरा कोन आणखी कमी. साध्या मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ असतो. आमची जीप मुळातच काठावर बसलेली, तिला मी आणखी पुढे सरकवलं.

कायद्याचं एका ओळीत सांगतो, कारण मलाही ते उशिराच कळलं: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी जीप पुन्हा खाली आणली. जास्तीचा पाटा काढला, जुने शॅकल लावले. तेव्हा पाट्यांचे रबरी बुश पाहिले तर तीन महिन्यांत फाटलेले. मे महिन्यात चाकं हवेत लोंबत असतानाच मिस्त्रीनं त्यांचे बोल्ट आवळले होते. गाडी खाली टेकली तेव्हापासून प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेतच होता, कापड पिळून खुंटीला टांगावं तसा. या वेळी गाडी चाकांवर उभी करून, वजन येऊ देऊन, मग बोल्ट आवळायला लावले. यू बोल्ट नवे घेतले. ते आवळताना थोडे ताणले जातात आणि त्या ताणानंच आसाला पाट्याशी दाबून धरतात. हूकच्या हिशेबात तीही स्प्रिंगच. पाटे आणि प्लेटांमधला रंग-गंज दबला की ताण उतरतो आणि आस धरून ठेवायचं सगळं ओझं बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतं.

टायर एक नंबर मोठा घ्यायचा मोह आवरला. पांदणीत शिरताना हवा १८ पौंडांवर आणतो, आणि मोठ्या पावसानंतर वापसा येईपर्यंत जीप शाळेजवळच उभी ठेवतो. दोनशे किलोमीटर झाले तेव्हा तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. पोरं लाकडी बैल ओढत अंगणात आली तेव्हा मी गाडीखाली होतो. मागच्या आसाच्या चारही यू बोल्टांवर पाना लावला. तीन घट्ट होते. चौथा पाव फेरा फिरला.