नोकरी न्यूयॉर्कला, घर जर्सीत: दोन स्टेटचा टॅक्स नेमका कसा लागतो

जानेवारीत डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) हातात पडला की आमच्या टॅक्स ऑफिसात पहिला फोन हाच, "राहतो न्यू जर्सीत एडिसनला, मग न्यूयॉर्कला टॅक्स का? आणि तिकडे भरला तरी जर्सीवाले परत का मागतात?" म्हणून एकदाचं लिहून देतोय.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा टॅक्स, सगळीकडे सारखाच, तो बाजूला ठेवा. स्टेटचं असं की जिथे काम करता ते स्टेट त्या पगारावर आधी टॅक्स घेतं, आणि जिथे राहता ते स्टेट तुमच्या सगळ्या कमाईवर टॅक्स लावून बाहेर भरलेल्याचं क्रेडिट देतं, म्हणजे तेवढा आपल्या टॅक्समधून वजा करतं. न्यूयॉर्कचा टॅक्स सहसा जास्तच पडतो, त्यामुळे त्या पगारावर जर्सीला बहुतेक वेळा काही द्यावं लागत नाही. पण क्रेडिट तेवढ्या पगारापुरतंच हां. बायकोचा जर्सीतला पगार, भारतातल्या एफडीचं व्याज यावर जर्सी घेणारच. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याचं) व्याज भारतात टॅक्स-फ्री असलं तरी इथे नाही, ना फेडरलला ना जर्सीला, ते लपवू नका.

आता ज्या चुकीत तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती. लोक घरी सॉफ्टवेअरवर जर्सीचं रिटर्न आधी भरून मोकळे होतात आणि क्रेडिटच्या जागी डब्ल्यू-टूच्या १७ नंबरच्या बॉक्समधला न्यूयॉर्कचा आकडा टाकतात. तो नुसता कापलेला टॅक्स आहे. क्रेडिट मिळतं ते आयटी-२०३ वर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नॉन-रेसिडेंट रिटर्नवर, जो खरा टॅक्स निघतो त्यावर. समजा कापले ९,००० डॉलर आणि खरा टॅक्स निघाला ७,८००, तर वरचे १,२०० न्यूयॉर्क तुम्हाला परत देणार, मग जर्सी ९,००० चं क्रेडिट कशाला देईल? पुढे ट्रेंटनहून, म्हणजे जर्सीच्या टॅक्स खात्याकडून, पत्र येतं, न्यूयॉर्कच्या रिटर्नची कॉपी मागतात, फरक भरा, वर व्याज, आणि ते पत्र घेऊन लोक आमच्याकडे येतात ऐन एप्रिलच्या गर्दीत.

म्हणून आम्ही "फक्त जर्सीचं करून द्या" असं काम घेत नाही. आधी न्यूयॉर्क, मग जर्सी. दोन रिटर्नची फी का, तर दुसरं पहिल्यावरच उभं असतं. आणि डिसेंबरच्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) आम्ही फाइल करत नाही, कितीही घाई असली तरी, कारण एचएसएचे (औषधपाण्यासाठी पगारातून बाजूला टाकलेले) पैसे फेडरलला सुटतात पण जर्सीला सुटत नाहीत, मग जर्सीचा पगाराचा आकडा वेगळा येतो आणि पे-स्टबवर तो नीट दिसेलच असं नाही.

वर्क फ्रॉम होमचे दिवस वजा करा असंही बरेच जण सांगतात. तुम्ही सोयीसाठी घरून काम करत असाल तर न्यूयॉर्क ते दिवस आपलेच धरतं, कंपनीची खरोखर गरज होती हे दाखवावं लागतं, नुसतं मॅनेजरचं ईमेल पुरत नाही. न्यूयॉर्क सिटीचा वेगळा टॅक्स मात्र जर्सीत राहणाऱ्यांना लागत नाही, कापला असेल तर आम्हाला दाखवा, परत मिळतो.

नवीन येणाऱ्यांचं मागचं जर्सी रिटर्न आम्ही पैसे न घेता बघून देतो. क्रेडिट घ्यायचंच राहून गेलेलं असेल तर फाइल केल्यापासून ३ वर्षांच्या आत रिटर्न अमेंड (दुरुस्त) करून मागता येतं. येताना दोन्ही स्टेटची रिटर्न्स आणि दोघांचे डब्ल्यू-टू आणा, फोनमधले अर्धवट कापलेले फोटो नको, पूर्ण पीडीएफ.