एकाच वाद्याचा ‘ऑर्केस्ट्रा’: युकुलेले वाद्यवृंदाची पार्श्वभूमी

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे गणपतीच्या मांडवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र या शब्दात तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, तालवाद्यं अशी सगळी कुळं येतात. लंडनमधल्या काही वादकांनी १९८५ साली निव्वळ युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, वाजवणाऱ्या आपल्या मेळ्याला ‘युकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन’ हे नाव दिलं ते थट्टेने. काळा पोशाख, बो-टाय, ओळीत मांडलेल्या खुर्च्या असा थाट, आणि हातात जेमतेम २१ इंचांचं वाद्य. त्यावर वाजवायचं रॉक, पंक, वेस्टर्न चित्रपटांचं संगीत, मध्येच बीथोव्हन.

वाद्याचा दूरचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. २३ ऑगस्ट १८७९ रोजी पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून ऊसमळ्यांसाठी मजूर घेऊन आलेलं जहाज होनोलुलूला लागलं. त्यातल्या तीन सुतारांनी पोर्तुगीज वळणाच्या छोट्या तंतुवाद्यावरून हवाईत युकुलेले घडवलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं पेव फुटलं. पुढे कॅनडातल्या शाळांनी ते वर्गात आणलं, तेही एक स्वर चढवून, चार तारा ए-डी-एफ शार्प-बी या पाश्चात्त्य स्वरांत लावून. भाग वाटून वाजवण्याची शिस्त तिथे मुलांना लंडनच्या कितीतरी आधी लागली होती. लंडनच्या कौतुकात हे विसरलं जातं.

थट्टा नावापुरती ठीक, पण वाजवायला बसलं की अडतं. तारा नेहमी लावतात त्या जी-सी-ई-ए अशा. यातला जी खर्जाचा नसतो, चढा असतो. सगळ्यात खालचा स्वर मधला सी, म्हणजे सुमारे २६२ हर्ट्झ. १२ पट्ट्यांच्या सोप्रानोवर, म्हणजे लहान आकाराच्या नेहमीच्या युकुलेलेवर, तिथून वरच्या ए-पर्यंत जेमतेम पावणेदोन सप्तकं मिळतात. आठ जणांनी त्यात एकच सी कॉर्ड (एकत्र छेडायचा स्वरसमूह) एकाच जागी छेडला की नुसता खुळखुळाट होतो. म्हणून एकाने ०००३ (एकेका तारेवर कितवी पट्टी दाबायची ते आकडे, ० म्हणजे मोकळी तार) धरायचं, दुसऱ्याने तोच कॉर्ड वर ५४३३ असा, तिसऱ्याने बोटं सैल सोडून तारांचा नाद दाबायचा आणि नुसता ‘चक्’ द्यायचा. चाल एकानेच वाजवायची. टेनर या मोठ्या युकुलेलेला खालच्या जीची तार चढवली की १९६ हर्ट्झपर्यंत उतरता येतं, डी-जी-बी-ई लावलेल्या, त्याहून मोठ्या बॅरिटोनवर १४७ पर्यंत. इथेच हमखास घोळ होतो: बॅरिटोनवाला सवयीने ०००३ धरतो आणि सीऐवजी जी वाजतो. त्याहून खालचं काम ‘बास युकुलेले’ करतं. अनेक मेळ्यांत ती चक्क बास गिटार असते, आणि सगळे तिकडे काणाडोळा करतात.

दुसरी डोकेदुखी सुराची. नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणत राहतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तारा डोक्याशी ज्या पट्टीवर टेकतात तिच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक दिसतात, पण एफ कॉर्ड (२०१०) धरला की पहिल्या पट्टीवरचा स्वर चढा लागतो. एकट्याचं खपून जातं. वीस जणांत सगळा कॉर्ड थरथरतो.

हे सगळं जमवून थट्टेचं नाव मोठं झालं. २००९ च्या उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाला शेकडो श्रोते आपापली युकुलेले घेऊन आले आणि बीथोव्हनची धून सोबत वाजवली. मग जर्मनीतल्या निर्मात्यांनी ब्रिटिश वादक घेऊन, जवळजवळ तसल्याच नावाचा, तसाच नटलेला दुसरा मेळा उभा केला. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. जुलै २०१५ चा निकाल नीट वाचण्यासारखा आहे, कारण त्यात एकाच नावाबद्दल दोन उलट वाटणारी उत्तरं आहेत. युरोपीय संघात नोंदवलेलं व्यापारचिन्ह रद्द ठरलं: ‘युकुलेले’, ‘ऑर्केस्ट्रा’ आणि देशाचं नाव, तिन्ही शब्द नुसतं वर्णन करणारे. पण ब्रिटनमध्ये त्याच शब्दांनी लोकांना विशिष्ट मेळाच आठवतो, तेव्हा नव्या मेळ्याने त्या लौकिकाचा फायदा घेतला, हे मात्र मान्य झालं. नोंदणीचा कागद गेला, कमावलेलं नाव राहिलं. मूळ मेळ्याच्या बाजूने आमचा कल लपवण्यात अर्थ नाही, पण चिन्ह रद्द झालं ते बरंच झालं. नाहीतर वाद्याचं आणि गावाचं नाव जोडून पाटी लावणाऱ्या प्रत्येक हौशी गटाला वकील गाठावा लागला असता.

पोशाख, बसण्याची रीत, दोन गाण्यांमधली कोरड्या चेहऱ्याची थट्टा या सगळ्यावर नाट्यकृती म्हणून मागितलेला कॉपीराइट त्याच निकालात फेटाळला गेला.