कृषी सर्वेक्षणातील वर्गीकरण-दोषांची दुरुस्ती

एखादे शेत, पीक किंवा शेतजमीन सर्वेक्षणात भलत्याच वर्गात नोंदली गेली की एकूण अंदाज बिघडतो. हा बिघाड मोजून अंदाज सुधारण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती या नोंदीत येतात. नमुना मोठा घेतला की नमुना-त्रुटी, म्हणजे सगळे न पाहता थोडेच पाहिल्यामुळे येणारी चूक, घटते; वर्गीकरण-दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. उलट चुकीच्या आकड्यावरचा भरवसा तेवढा वाढतो.

दोन्ही बाजूंच्या चुका आपोआप फिटतात, अशी एक समजूत आहे. ती फसवी आहे. समजा, १,००० हेक्टरांपैकी खरा गहू १०० हेक्टर आहे. उपग्रहचित्रांवरून केलेले वर्गीकरण ९० टक्के गहू बरोबर ओळखते आणि बाकीच्या जमिनीपैकी ५ टक्के जमिनीला चुकून गहू म्हणते. म्हणजे नकाशावर गहू ९० अधिक ४५, एकूण १३५ हेक्टर. एकूण अचूकता ९४.५ टक्के, अहवालात मिरवण्याजोगी. पण गव्हाचे क्षेत्र ३५ टक्क्यांनी फुगलेले! पीक जितके विरळ, तितकी ही सूज मोठी.

चुकांचे दर ठाऊक असतील तर हिशेब उलटा फिरवता येतो. १३५ मधून १,००० चे ५ टक्के वजा करायचे आणि उरलेल्या ८५ ला दोन दरांच्या फरकाने, म्हणजे ०.९० वजा ०.०५ अर्थात ०.८५ ने, भागायचे. उत्तर १०० येते. रोगचाचण्यांच्या संदर्भात हे सूत्र १९७८ पासून रोगन आणि ग्लॅडन यांच्या नावाने ओळखले जाते. दोन दर जवळजवळ आले की भाजक शून्याकडे सरकतो आणि अंदाज वेड्यावाकड्या उड्या मारू लागतो, प्रसंगी ऋणही येतो.

दुसरा मार्ग म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक वर्गातून यादृच्छिक जागा निवडून प्रत्यक्ष पाहणे. वरच्या उदाहरणात ‘गहू’ दाखवलेल्यांपैकी दोन-तृतीयांशच गहू निघेल. हा मार्ग बहुधा अधिक स्थिर ठरतो, पण त्यातली प्रमाणे त्याच प्रदेशापुरती. दुसऱ्या प्रदेशात गव्हाचा वाटा बदलला की ती लागू पडत नाहीत.

प्रश्न फक्त उपग्रहांचा नाही. अमेरिकेत वर्षाला १,००० डॉलरचा शेतमाल विकणारी, किंवा एरवी विकू शकली असती अशी जागाही ‘शेत’ ठरते. असे छोटे शेत पाहणाऱ्याला नुसते राहते घर वाटू शकते. तिथल्या जून महिन्यातल्या क्षेत्र-सर्वेक्षणात बिगरशेती म्हणून नोंदलेल्या काही जागा पुन्हा तपासल्यावर शेते निघाली. २०१२ च्या कृषी गणनेत हे सर्वेक्षण आणि गणना यांची सांगड घालून पकड-पुनर्पकड पद्धतीने (दोन स्वतंत्र नोंदींत किती शेते सामाईक आहेत यावरून दोन्हींतून सुटलेल्यांचा अंदाज बांधून) सुटलेली, प्रतिसाद न दिलेली आणि चुकीच्या वर्गात गेलेली शेते हिशेबात धरली गेली. शेतांची एकूण संख्या सुमारे २१ लाख आली.

दुरुस्तीनंतर अंदाजाचे प्रसरण, म्हणजे नमुन्यागणिक तो किती बदलतो याचे माप, वाढते, कारण चुकांचे दरही नमुन्यातूनच काढलेले असतात. त्याहून अवघड म्हणजे ज्याला ‘प्रत्यक्ष सत्य’ म्हणतात तेही निर्दोष नसते. पाहणीला उशीर झाला तर शेतात फक्त धसकटे दिसतात. आंतरपीक असेल तर कोणत्या पिकाचे नाव लिहायचे, यावर दोन पाहणाऱ्यांचेही एकमत होत नाही.