हयगयीने वाहन चालवून मृत्यू : शिक्षानिश्चिती (सोलापूर जिल्हा)

जीव घेण्याचा हेतू नव्हता, पण वाहन अविचाराने किंवा हयगयीने चालवल्यामुळे कोणी दगावले, आणि चालकाचा दोष सिद्ध झाला, की त्याला कोणती व किती शिक्षा द्यायची हे न्यायालयाला ठरवावे लागते. या निर्णयाला शिक्षानिश्चिती म्हणतात. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू होते, त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३०४अ. सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी अजून ‘तीनशेचार अ’च आहे, सवय लवकर जात नाही.

फिर्यादीतली भाषा मात्र दोन्ही कायद्यांखाली एकच राहिली आहे. पोलीस ठाणे सोलापूर शहर आयुक्तालयाचे असो की ग्रामीण हद्दीतले, चालकाने ‘ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ चालवले, असे साच्यातले वाक्य लिहिले जाते. साच्यातले असले तरी त्यातला प्रत्येक शब्द पुढे वेगळा सिद्ध करावा लागतो आणि शिक्षेचे वजनही त्यावरच ठरते. ‘भरधाव’ हा शब्द त्यात सर्वांत हलका. नुसता वेग जास्त होता म्हणून चालक दोषी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात १९९८ मध्ये सांगितले. साक्षीदार ‘गाडी लई जोरात होती’ म्हणतो, उलटतपासणीत ‘जोरात म्हणजे किती?’ असे विचारले जाते आणि तिथेच खटला ढिला पडतो. धोका समोर दिसत असताना तो पत्करणे हा अविचार. घ्यायला हवी ती काळजी न घेणे ही हयगय. शिक्षा ठरवताना अविचार जड मानला जातो, हे ओघानेच आले.

दंड संहितेचा जन्म १८६० चा, पण हे कलम तिच्यात नव्हते. संहितेचा मूळ मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या मसुद्यात अशी तरतूद होती, अंतिम कायद्यात ती गळाली आणि १८७० मध्ये दुरुस्तीने आली. तेव्हा रस्त्यावर टांगे आणि बैलगाड्या होत्या. जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, ही मर्यादा मोटारी आल्या, चौपदरी महामार्ग झाले, तरी तशीच राहिली. विधी आयोगाने २००९ मधल्या आपल्या २३४व्या अहवालात ती दहा वर्षांपर्यंत न्यावी असे सुचवले होते. प्रत्यक्षात नव्या संहितेने ती पाच वर्षे केली. याहून महत्त्वाचा बदल एका शब्दाचा आहे. जुन्या कलमात ‘किंवा दंड’ होते, म्हणजे नुसत्या दंडावर सुटका शक्य होती. नव्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत. अर्थात किमान कैद ठरवलेली नसल्याने न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षाही तांत्रिकदृष्ट्या कैदच ठरते. कायदा कडक झाला म्हणणाऱ्यांनी ही फट पाहिलेली बरी.

सोलापूरचे रस्ते पाहिल्याशिवाय ‘रस्त्याची परिस्थिती’ या शब्दांना अर्थ येत नाही. पुणे–हैदराबाद मार्ग (पूर्वीचा नऊ नंबर, आता ६५), धुळ्याहून विजयपूरकडे जाणारा ५२ आणि रत्नागिरीकडून येणारा १६६ असे तीन राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात मिळतात. आषाढीला दिंड्या पंढरपूरकडे निघतात. कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसे तुळजापूरला पायी जातात. रात्री रस्त्यावर चालणारी माणसे असणार, हे त्या दिवशी जिल्ह्यातल्या कोणत्याही चालकाला माहीत असते. त्यामुळे एरवी हयगय ठरेल तेच वागणे त्या रात्री अविचारात मोडू शकते.

हिवाळ्यात उसाचे प्रश्न सुरू होतात. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जातो. पाठीमागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि पंक्चर झाले की ट्रॉली तिथेच रस्त्यावर उभी. रात्री मोटारसायकलस्वार मागून धडकून मेला तर दोष कोणाचा? इथे मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये घालून दिलेली कसोटी अजून उपयोगी पडते : मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट आणि निकटचा परिणाम असला पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणाने मधे येऊन घडवलेला नव्हे. अंधारात ट्रॉली उभी करून निघून गेलेला चालक या कसोटीवर अडकूही शकतो आणि सुटूही शकतो. सगळे पंचनाम्यात काय लिहिले आहे त्यावर : ट्रॉली डांबरावर होती की साइडपट्टीवर, मागे दगड किंवा फांदी ठेवली होती का, ब्रेकच्या खुणा किती लांब. मेलेला दुचाकीस्वारच चुकीचा होता असे तपासात निघाले तर गुन्हा त्याच्यावरच दाखल होतो आणि आरोपी हयात नसल्याने ‘अ‍ॅबेट समरी’ होऊन कागद बंद होतात.

म्हणून शिक्षा शेवटच्या तारखेला ठरते हा समज अर्धाच खरा आहे. तिचा मोठा भाग पहिल्या दिवशी कोणते कलम लावले यातच ठरून जातो. चालकाला मृत्यू होऊ शकेल याची जाणीव होती असे दाखवता आले तर प्रकरण सदोष मनुष्यवधाकडे, म्हणजे जुने कलम ३०४ आणि नवे १०५ इकडे, सरकते. तिथे दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. याचे राज्यातले ठळक उदाहरण वांद्र्याच्या कार्टर रोडचे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. खालच्या न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे सक्तमजुरी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. घटना एक, मृत सात, आणि कलम बदलताच शिक्षा सहापट. दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रक्ताचा नमुना वेळेत घेतला गेला नाही तर नंतर कितीही युक्तिवाद केला तरी ही वाट बहुधा बंद होते.

नेहमीचे प्रकरण मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र असतो, त्यामुळे चालक त्याच आठवड्यात गावात दिसतो आणि मृताच्या घरच्यांचा संताप तिथूनच सुरू होतो. गावकीत तडजोड झाली, पैसे पोचले, तरी हा गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येत नाही. मग साक्षीदार ‘मला काही आठवत नाही’ म्हणून फितूर होतात, ही त्यावर काढलेली देशी वाट. या न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार तीन वर्षांच्या कैदेपुरता. कलम पाच वर्षांचे आणि अधिकार तीनचा, अशी गंमत नव्या रचनेत आहे. जास्त शिक्षा हवी असे वाटले तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. त्यांना सात वर्षांपर्यंत कैद देता येते.

कमाल शिक्षा दोन वर्षांहून जास्त झाल्याने खटल्याचा प्रकारही बदलला. पूर्वी तो समन्स खटला (लहान गुन्ह्यांचा, सोप्या कार्यपद्धतीचा) होता आणि दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे वेगळे ऐकणे बंधनकारक नव्हते. आता तो वॉरंट खटला (दोन वर्षांहून जास्त कैदेच्या गुन्ह्यांचा) आहे आणि शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकावेच लागते. तेव्हा जे सांगितले जाते ते ठरलेले : पहिलाच गुन्हा, घरात एकटा कमावता, म्हातारे आईवडील, खटला इतकी वर्षे चालला. सरकार पक्ष मृतांची संख्या, दारू, परवाना नसणे, जखमीला टाकून पळणे हे पुढे करतो. भारतात शिक्षेचे ठरीव कोष्टक नाही, त्यामुळे यांतल्या कशाला किती वजन द्यायचे हे न्यायाधीशाच्या विवेकावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी दिशा दिली आहे. हरियाणातल्या बसचालकाच्या प्रकरणात २००० मध्ये त्याने परिविक्षा अधिनियमाचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा, लाभ नाकारला : पोटासाठी गाडी चालवणाऱ्याच्या मनात तुरुंगाची धास्ती सतत असली पाहिजे, हा त्याचा रोख. पंजाबातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने भोगलेल्या २४ दिवसांवर शिक्षा आणून ठेवली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. ट्रक-टिपरवर महिना काढणाऱ्याला ही धास्ती मालकाच्या फेऱ्यांच्या हिशेबापेक्षा मोठी वाटते का, हा प्रश्न निकालपत्रांत फारसा येत नाही. मालक बहुतेक वेळा आरोपीच नसतो.

अल्पवयीन चालकाचे गणित वेगळे. पुण्यात मे २०२४ मध्ये अपघातानंतर अल्पवयीन चालकाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून गदारोळ झाला, पण ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अशा वेळी पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शाळकरी पोराच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्या गावांना हे कलम ठाऊक असायला हवे.

पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांचे कलम १०६(२) संहितेत छापलेले आहे, पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर ते अंमलात आणणे थांबवले गेले आणि १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून वगळले गेले. जखमीला मदत करण्याचे आणि पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आधीपासून आहेच.

भरपाई हा स्वतंत्र विषय. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते, पुराव्याचे माप तिथे सैल असते आणि पैसे सहसा विमा कंपनी भरते. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा बुडत नाही. अनेक कुटुंबे फौजदारीच्या निकालापेक्षा याच तारखांना येतात.

शिक्षेवर अपील सोलापूरच्या सत्र न्यायालयात होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील करेपर्यंत ती बहुधा स्थगित राहते. त्यापुढची फेरतपासणी (रिव्हिजन) पूर्वी मुंबईला, उच्च न्यायालयाकडे, जात असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नसल्याने जून २०२४ मधला मृत्यू दोन वर्षांच्या कलमाखाली आणि जुलैमधला पाच वर्षांच्या कलमाखाली, असे खटले एकाच दालनात एकाच दिवशी पुकारले जातात.